लाकूड, हात आणि हंगाम : मुंबईच्या कसबी सुतारांची शिकवण

कसबाचा गाभा

उत्तम फर्निचर घडवणाऱ्या सुताराचे सारे ज्ञान एका गोष्टीवर उभे आहे. झाड तोडून, फळ्या पाडून, रंधा मारून झाला तरी लाकूड स्थिर होत नाही. हवा दमट झाली की ते ओलावा शोषून फुगते, कोरडी झाली की आकसते. हा बदल सगळ्या दिशांनी सारखा नसतो. सागवानात वार्षिक कड्यांच्या स्पर्शरेषेत होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेतील आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते आणि खोडाच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे फळी रुंदीत कमीजास्त होते, लांबीत मात्र आहे तेवढीच राहते.

मुंबईत या गुणाची परीक्षा दर वर्षी होते. सांताक्रूझच्या हवामान वेधशाळेत जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर नोंदली जाते, हिवाळ्यातल्या दुपारी ती बरीच खाली उतरते. वेधशाळेच्या शेजारच्या वाकोल्यात, कालिन्यात किंवा कुर्ल्यात पावसाळ्यात खण अडकू लागले आणि दारे चौकटीला घासू लागली, तर त्याचे कारण हेच असते.

जाणता सुतार लाकडाच्या या हालचालीला अडवत नाही, तिला वाट करून देतो. दाराच्या मधल्या रुंद फळीला तो सरस लावत नाही. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून त्यात ती मोकळी बसवतो, म्हणजे फळी फुगली तरी चौकट उसवत नाही आणि आकसली तरी फळीला तडा जात नाही. टेबलाचा माथा तो खालच्या सांगाड्याला घट्ट खिळत नाही. लांबट भोकातून स्क्रू घेतो, म्हणजे माथ्याला सरकायला जागा राहते. खण बसवताना काम कोणत्या महिन्यात चालले आहे याचा विचार करून तो फट ठेवतो. मे महिन्यात चपखल बसवलेला खण जुलैत उघडत नाही, हे तो जाणतो.

हे नियम सांगायला थोडा वेळ पुरतो. पण कोणती फळी किती हलेल, तिचा पीळ कुठल्या बाजूला जाईल आणि कोणता भाग कुठे वापरावा, हे फळी पाहून ओळखायला वर्षे लागतात. म्हणून या कसबात घडवणे आणि शिकवणे ही कामे फार वेगळी झाली नाहीत. ज्याच्या हाताखाली काम चालते, तोच शिकवतो.

लाकडाची पारख

महाराष्ट्रात फर्निचरसाठी पहिला मान सागवानाचा. त्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने वाळवी आणि बुरशी त्याला सहजासहजी लागत नाही. ते मध्यम वजनाचे असते, रंध्याखाली नीट चालते आणि हवेप्रमाणे तुलनेने कमी हलते. चंद्रपूर-गडचिरोली भागातले, विशेषतः आलापल्लीच्या जंगलातले सागवान नावाजलेले आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच भागातून लाकूड गेले. शिसव सागापेक्षा जड, गर्द आणि कठीण असते. बारीक नक्षी त्यात सुबक उमटते, पण हत्यारांची धार लवकर जाते. कोकणात घरकामाला फणस, ऐन, किंजळ ही लाकडे वापरली जातात. शिवण हलकी आणि आपला आकार टिकवणारी असते. पांगारा इतका मऊ की सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी त्यातून लाकडी फळे आणि खेळणी घडवली.

मुंबईच्या जुन्या इमारतींतले बरेचसे सागवान ब्रह्मदेशातून आले. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा त्या व्यापारात मोठा वाटा होता. याच कंपनीचा मंडालेच्या दरबाराशी लाकडावरून वाद पेटला आणि तो १८८५च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि रसकाष्ठ कापून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळू देत, कारण ओले सागवान पाण्यात बुडते आणि वाळलेले नदीवरून वाहून नेता येते. या पद्धतीमुळे लाकूड तोडण्याआधीच वाळायला लागे. २०१४ साली म्यानमारने कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता जुनी चाळ किंवा बंगला पाडताना निघालेल्या तुळया आणि चौकटी कसबी सुतारांना मोलाच्या वाटतात. शंभर पावसाळे सोसलेले लाकूड पुन्हा कापले तरी त्यात नवा पीळ सहसा पडत नाही.

ताजे लाकूड मात्र वाळवावे लागते. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून, थरांतून वारा खेळेल अशी थप्पी सावलीत रचतात. जाडीच्या दर इंचामागे साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. भट्टीत हे काम काही आठवड्यांत होते, पण घाई केली तर फळीला आतून चिरा पडतात. शिकणाऱ्याला फळी ओळखण्याचे पहिले धडे या थप्पीपाशीच मिळतात. तो फळीच्या टोकाला वार्षिक कडी पाहतो, गाठ कुठे आहे ते शोधतो, डोळा कडेच्या रेषेत आणून पीळ तपासतो.

उमेदवारीच्या पायऱ्या

चांगला मिस्त्री नव्या मुलाच्या हाती लगेच करवत देत नाही. पहिले काही आठवडे झाडलोट, फळ्या धरणे आणि धार लावणे यांत जातात. पटाशीचे पाते साधारण २५ अंशांवर घासून शेवटची बारीक धार ३० अंशांच्या आसपास काढतात. पाते दगडावर टेकवताना कोन हलला तर धार गोल होते आणि पटाशी लाकूड कापण्याऐवजी दाबते. धार जमली की मनगट स्थिर झाले असे समजतात. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो, ते घसरते आणि जखमाही त्यानेच होतात, म्हणून ही पायरी टाळता येत नाही.

त्यानंतर आखणी. मुंबईचा सुतार आजही सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे एक इंच. गुण्या लावून काटकोन तपासणे, मार्किंग गेजने कडेला समांतर रेघ ओढणे, पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने खूण करणे, ही शिस्त या टप्प्यावर लागते. पेन्सिलीची रेघ जाड असते. करवत तिच्या कोणत्या बाजूने गेली यावर सांध्याचा घट्टपणा ठरतो. अनुभवी सुतार सारी मापे एकाच कडेपासून घेतो आणि त्या कडेवर खूण करून ठेवतो, कारण प्रत्येक माप वेगळ्या कडेपासून घेतले तर बारीक चुका साठत जातात.

मग रंधा. फळीची एक बाजू सपाट करायची, तिच्याशी काटकोनात एक कड करायची आणि त्या दोन पृष्ठांवरून उरलेल्या बाजू काढायच्या, हा क्रम पक्का असतो. रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवला तर पातळ, लांब ढलपी निघते. उलट चालवला तर लाकूड उपटले जाते. दिशा बदलली की रंध्याचा आवाजही बदलतो आणि मिस्त्री पाठमोरा असला तरी ऐकून टोकतो.

सांधे हा या शिक्षणाचा मधला आणि सर्वांत मोठा भाग. खुर्चीचा पाय आणि आडवी पट्टी जोडताना पट्टीच्या टोकाला कुसू काढतात आणि पायात त्याच मापाचे भोक पाडतात. कुसूची जाडी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात. याहून जाड कुसू घेतला तर भोकाच्या भिंती दुबळ्या होतात, बारीक घेतला तर कुसू तुटतो. खणाच्या पुढच्या कोपऱ्यांना डोव्हटेल सांधा लागतो. त्याचे तिरके दाते एकमेकांत अडकल्यावर खण ओढताना पुढची फळी सुटून येत नाही. शिकाऊ हे सांधे आधी टाकाऊ लाकडावर करतो. सांधा हाताने दाबल्यावर बसला आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण झाला तर तो बरोबर. जोरात ठोकावे लागले तर लाकूड चिरण्याचा धोका असतो.

शेवटची पायरी पॉलिशची. चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ थर देत जातात. दोन थरांमध्ये वाळायला वेळ द्यावा लागतो. पावसाळी हवेत हे पॉलिश पांढुरके पडते, म्हणून जुने पॉलिशवाले कोरड्या दिवसांची वाट पाहत. आता मेलामाइन आणि पीयू पॉलिश जास्त चालते. ते पाणी आणि उष्णता अधिक सोसते. चपड्याचे पॉलिश मात्र ओरखडा पडला तरी त्याच जागी पुन्हा दुरुस्त करता येते.

बलुत्यापासून गोदीपर्यंत

मराठी मुलखात हे शिक्षण आधी घरात मिळे. गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला. नांगर, कुळव, मोट, बैलगाडी त्याने करायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट, दोरीने फिरवायचा सामता ही हत्यारे बापाकडून मुलाकडे येत. खंडेनवमीला त्यांची पूजा होई आणि आजही होते. घरातले लाकडी सामान मोजके असे: पाट, चौरंग, देव्हारा, पेटारा, फडताळ, झोपाळा. वाड्यांचे काम आले की याच कसबाला मोठा वाव मिळे. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब पाहिले, तर उत्तर पेशवाईतल्या सुतारांचा हात कुठवर पोचला होता ते कळते.

मुंबईत सुतारकामाची पहिली मोठी शाळा गोदीत उभी राहिली. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून सुतारांची तुकडी घेऊन आले. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे जहाजबांधणीतल्या मुख्य कारागिराची जागा त्यांच्या घराण्याकडे राहिली. वाडिया मुलांनी आधी हाताने सुतारकाम शिकावे आणि मग देखरेखीला जावे, अशी घराण्याची रीत होती. मलबारच्या सागवानातून मुंबईत बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. लाकडाची निवड आणि सांध्यांची अचूकता किती काळ टिकते, याचा याहून ठळक पुरावा शोधणे कठीण.

गोदीच्या शहरात फर्निचरचे कारागीरही वाढले. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे शिसवी फर्निचर परदेशांत नावाजले. सोफे, खुर्च्या आणि मेजांचे आकार युरोपीय असत, पण त्यांवर पाने, वेली आणि प्राणी यांची खोल कोरीव नक्षी असे. लहान पेट्यांवर हस्तिदंत, शिंगे, रंगीत लाकडे आणि कथिल यांचे बारीक तुकडे भूमितीच्या आकृत्यांत बसवण्याचे सडेली काम सुरत आणि मुंबईत चाले. पायधुनी-काळबादेवीजवळच्या सुतार चाळीच्या नावात त्या काळच्या व्यवसायाची खूण उरली आहे, जरी आज तिथे विजेच्या सामानाची दुकाने आहेत.

शाळेतले सुतारकाम

१८५७ साली सर जमशेदजी जिजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली आणि कारागिरी वर्गात शिकवण्याचा प्रयोग मुंबईत आला. १८६५ साली तिथे आलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांना देशी कारागिरांच्या हाताची कदर होती. ते पुढे लाहोरच्या मेयो कलाशाळेत गेले. तिथे सुतार कुटुंबातला भाई राम सिंग हा विद्यार्थी त्यांना मिळाला. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाउसमधल्या दरबार दालनाची सजावट त्याने केली आणि नंतर त्याच शाळेचा तो प्राचार्य झाला. १८९१ साली मुंबईच्या कलाशाळेत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने आर्ट वर्कशॉप्स सुरू झाल्या. तिथे अनुभवी कारागीर शिकवत आणि मुले उमेदवारी करत. मधल्या काळात, १८८७ साली, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कार्यशाळेत स्वतः लाकूड कापून सांधा करायचा, हा प्रघात अशा संस्थांनी रुजवला.

शिक्षणात लाकडाला मानाचे स्थान देणारा विचार जगात इतरत्रही वाढत होता. स्वीडनमधल्या नेस येथे ओटो सालोमन यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या वस्तूंची मालिका आखली होती. प्रत्येक मुलाने प्रत्येक वस्तू स्वतः, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वापरता येईल अशी पूर्ण करायची, हा त्यांचा आग्रह होता. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीम मांडली. झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामालाही मूलोद्योग म्हणून जागा मिळाली. दोन्हींकडे सूत्र एकच होते: अख्खी वस्तू घडवल्याशिवाय हाताचे शिक्षण पुरे होत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली सुरू झालेल्या योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या आणि सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातल्या उमेदवारीला नियम आणि विद्यावेतन दिले. जातीच्या चौकटीबाहेरच्या मुलांना आणि मुलींना हे कसब शिकण्याची वाट अशा संस्थांनी मोकळी केली. ही त्यांची मोठी कमाई आहे.

प्लायचे युग आणि वाकोल्यातले काम

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या घरांतले लाकूडकाम दोन गोष्टींनी पालटले. १९५९ साली फेविकॉल बाजारात आले. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस शेगडीवर गरम करून वापरत. तो नासे, वास मारे आणि लवकर थिजे. नवा पांढरा गोंद थंडच वापरता येऊ लागला. दुसरा बदल प्लायवुडचा. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवल्यामुळे प्लायचा तावा हवेप्रमाणे फारच थोडा हलतो. ज्या हालचालीला वाट देण्यासाठी चौकट आणि मोकळी फळी लागत असे, तिचा प्रश्नच या सामानाने बराच मिटवला.

वाकोला हे या बदलाचे चांगले उदाहरण. साष्टी बेटावरच्या भातशेतीच्या काळातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाण, त्याभोवती वाढलेल्या चाळी आणि वस्त्या, पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या सोसायट्या आणि पुनर्विकासातले नवे मनोरे, असे सारे इथे एकमेकांना खेटून आहे. अशा उपनगरात बरेचसे फर्निचर दुकानातून येत नाही, घरातच तयार होते. कंत्राटदार काम घेतो, मिस्त्री माप काढतो, दोन-तीन कारागीर आणि एखादा हेल्पर काही आठवडे रिकाम्या फ्लॅटमध्ये काम करतात. ८ बाय ४ फुटांचे प्लायचे तावे जिन्याने वर चढतात. कपाटाला १८-१९ मिलिमीटरचा तावा, पाठीला ६ मिलिमीटरचा. ओल्या जागी आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय, कोरड्या जागी आयएस ३०३चा. वरून सनमायका किंवा व्हिनिअर. आवाजाच्या कामाला सोसायटीने ठरवून दिलेले तास असतात आणि पुढच्या फ्लॅटची तारीखही आधीच ठरलेली असते.

राजस्थानचे सुथार आणि जांगिड, उत्तर प्रदेशातले विश्वकर्मा आणि सैफी, कोकण-घाटावरचे सुतार अशी माणसे या कामात आहेत. त्यांचे कसब खरे आहे. वाकडी भिंत आणि तिरकी फरशी सांभाळून कपाट ओळंब्यात उभे करणे, दहा फुटी रांगेतल्या सगळ्या दारांच्या फटी एकसारख्या ठेवणे, सनमायकाची कड न तुटता कापणे, याला अचूक नजर लागते. हेल्परचा कारागीर आणि कारागिराचा मिस्त्री होण्याची वाटही इथे चालू आहे. मात्र शिकणाऱ्याच्या हाती सहसा कामाचा एकच तुकडा येतो. एक जण कापतो, दुसरा सनमायका चिकटवतो, पॉलिशवाला वेगळा येतो. अख्ख्या लाकडाच्या खुर्चीचे सांधे करण्याची वेळ फारशी येत नाही. खुर्चीच्या पाठीला आणि पायांना तिरके कोन असतात, भार सांध्यांवर हलता पडतो आणि प्लाय तिथे पुरा पडत नाही. म्हणूनच खुर्ची ही सुताराची कसोटी मानली जाते.

आजचे शिकवणारे

हे कसब टिकवण्याचे प्रयत्न सध्या तीन दिशांनी होतात. पहिली दिशा रचना-शिक्षणाची. पवईच्या आयआयटीतले औद्योगिक रचना केंद्र १९६९ साली सुरू झाले. तिथे आराखडा काढणाऱ्या विद्यार्थ्याला कार्यशाळेतल्या अनुभवी कारागिरांकडून लाकूड हाताळायला शिकावे लागते. दुसरी दिशा वास्तुरचनेतली. मुंबईचे वास्तुविशारद बिजॉय जैन यांनी आपल्या ‘स्टुडिओ मुंबई’ या संस्थेत सुतारांना आराखड्याच्या टप्प्यापासूनच कामात घेतले आणि अलिबागच्या कार्यशाळेत पूर्ण मापाचे नमुने घडवून रचना ठरवण्याची रीत पाडली. २०१० साली व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात या कार्यशाळेचे नमुने, हत्यारे आणि सामान मांडले गेले. तिसरी दिशा सरकारी योजनांची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, प्रगत प्रशिक्षण १५ दिवसांचे किंवा अधिक, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, अशी तिची रूपरेषा आहे. आधीच काम येणाऱ्याला हत्यारे, प्रमाणपत्र आणि कर्जाची वाट मिळणे उपयोगाचे आहे. नवा सुतार घडायला मात्र याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

तो काळ कसा द्यावा, याचे एक उत्तर अमेरिकेत फर्निचर घडवणारे जेम्स क्रेनॉव्ह यांनी दिले. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग येथे त्यांनी फर्निचरचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी आधी आपला रंधा स्वतः बनवतो आणि मग शैक्षणिक वर्षभर मोजक्याच वस्तू हाताने पूर्ण करतो. वाडियांच्या गोदीत आणि बलुतेदाराच्या अंगणातही हेच तीन घटक होते: शिकवणारा स्वतः घडवणारा असे, शिकणारा पूर्ण वस्तू करी, आणि दोघे निदान एक वर्षभर एकाच लाकडासोबत राहत. उन्हाळ्यात जोडलेला सांधा पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात तपासायला मिळाला, की लाकडाच्या हालचालीचा नियम शिकणाऱ्याच्या हातात उतरतो. मुंबईच्या उपनगरांत कुशल मिस्त्री आहेत, शिकू इच्छिणारी मुले आहेत आणि पाडलेल्या इमारतींचे उत्तम सागवानही आहे. त्यांना एकत्र आणणाऱ्या, हंगामाचे पूर्ण चक्र चालणाऱ्या आणि शिकवण्याच्या वेळेचा मिस्त्रीला मोबदला देणाऱ्या कार्यशाळा ही आजची खरी गरज आहे.